हाडासकट वजन

१८५४ च्या नोव्हेंबरात फ्लोरेन्स नाइटिंगेल इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथल्या लष्करी रुग्णालयात पोचल्या, तेव्हा तिथे आहाराला नियम नव्हता असं नाही. उलट नियम उदंड होते. पूर्ण आहार, अर्धा आहार, हलका आहार, चमच्याने भरवायचा आहार अशा ठरीव पायऱ्या होत्या आणि कुणाला किती मांस, किती पाव हे औंसात बांधून दिलेलं होतं. मांस कच्चंच वाटलं जाई. अर्दली आपापल्या टोळीचा वाटा मोठ्या हंड्यात सोडत आणि शिजल्यावर तो ओळखता यावा म्हणून त्याला खूण बांधत: लाल चिंधी, बटणांची माळ, खिळा, क्वचित एखादी कात्रीसुद्धा. खुणेसकट उकळलेला तो तुकडा वॉर्डात आला की वाटे पडत, आणि वजनाला सगळे वाटे सारखे भरत. मात्र एकाच्या ताटात मऊ मांस येई, तर शेजारच्या खाटेवर नुसतं हाड आणि चिवट शिरा. नियमाने हाड वजनात धरलेलं होतं. मांस हाडावेगळं करून वाटा, अशी सूचना गेली तेव्हा त्यासाठी नवा नियम काढावा लागेल, असं उत्तर आल्याचं नाइटिंगेल यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. पुढच्या वर्षी लंडनचा नावाजलेला फ्रेंच बल्लवाचार्य अलेक्सी सॉये स्वखर्चाने तिथे आला, त्याने भट्ट्या आणि पाककृती बसवल्या, आणि तेच शिधासामान वापरून खाण्याजोगं अन्न निघू लागलं. शिध्याचं वजन मात्र कागदावर आधीपासूनच बिनचूक होतं.

आहारतज्ज्ञांच्या व्यवसायात प्रमाणित पद्धती कशा आल्या, का आल्या आणि काही लवकर रुजल्या तर काहींना पाव शतक का लागलं, हा इतिहास वाचताना स्कुटारीचं हे हाड सारखं आडवं येतं. या व्यवसायाने गेल्या शंभर वर्षांत सगळ्यांनी सारखं करावं म्हणून जे जे ठरवलं, त्याचे दोन प्रकार पडतात. एकात ताट ठरवलं गेलं, म्हणजे अमुक रोग्याला अमुक जेवण. दुसऱ्यात ताट मोकळं ठेवून माप ठरवलं गेलं: मोजायचं कसं, लिहायचं कोणत्या शब्दांत, विचार कोणत्या क्रमाने करायचा. माझं म्हणणं असं की रुग्णाच्या पदरात खरोखर काही पडलं ते दुसऱ्या प्रकारातून, आणि पहिल्या प्रकाराचे घोटाळे बऱ्याचदा असे झाले की दुसऱ्या प्रकारचं चांगलं माप वापरून वापरून पुन्हा ताट होऊन बसलं. प्रमाणित पद्धत हवी की तज्ज्ञाची स्वतंत्र बुद्धी हवी, हा जो वाद नेहमी घातला जातो, तो या दोन प्रकारांची सरमिसळ केल्यामुळे लांबतो.

माप आधी आलं, व्यवसाय नंतर. अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १८९६ मध्ये तिथल्या अन्नपदार्थांच्या रासायनिक घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला चार कॅलरी, स्निग्ध पदार्थ नऊ, हा आजही पाठ असलेला हिशेब त्यांच्याच कामातला. १८९९ मध्ये लेक प्लॅसिडच्या गृहविज्ञान परिषदेत ‘डाएटिशियन’ या शब्दाला अर्थ देण्यात आला. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, अन्न जपून वापरायच्या दिवसांत, लेना कूपर आणि लुलू ग्रेव्ह्ज यांच्या पुढाकाराने क्लीव्हलँडला शंभरेक जण जमले आणि अमेरिकन डाएटेटिक असोसिएशन स्थापन झाली. आपल्याकडे १९३७ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून अ‍ॅक्रॉइड यांचं भारतीय अन्नघटकांवरचं पुस्तक निघालं. तीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तक्ते होते, पदव्या आल्या, संघटना झाली. पण इस्पितळात आहारतज्ज्ञाची जागा तळघरातल्या स्वयंपाकघराशी बांधलेली राहिली. डॉक्टर वरून चिठ्ठी पाठवी, ही बाई खालून ट्रे पाठवी. ट्रे परत किती भरलेला आला, याची नोंद ठेवायला कागद नव्हता.

पहिला मोठा पेच मधुमेहाने टाकला. इन्सुलिनपूर्वीच्या काळात न्यूयॉर्कचे फ्रेडरिक अ‍ॅलन आणि बॉस्टनचे एलियट जॉस्लिन यांच्याकडे रोगी जगवण्याचं साधन म्हणजे मोजकी उपासमार. भाज्यांचे वर्ग कर्बोदकांच्या टक्केवारीवर पाडलेले: पाच टक्के, दहा टक्के, पंधरा, वीस. रोग्याच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या भांड्याशेजारी ग्रॅमचा तराजू असे; कोबी मोजायचा, लोणी मोजायचं, तुकडा जास्त भरला तर कापून परत ठेवायचा. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि मरणाची सावली बरीच दूर गेली. तराजू मात्र टेबलावरून हलला नाही. उलट आता इन्सुलिनचा डोस जेवणाशी जुळवायचा असल्याने हिशेब वाढला, आणि प्रत्येक घराण्याचा हिशेब निराळा. कुणी भरपूर स्निग्ध आणि कमी कर्बोदकांचा आहार देई, कुणी त्याच्या उलट. कुणाच्या तक्त्यात संत्रं एका वर्गात, तर कुणाच्या तक्त्यात दुसऱ्या. शिकाऊ आहारतज्ज्ञ एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात गेली की पाठ केलेलं विसरून नव्याने शिकणं आलं. रोग्याने गाव बदललं तर त्याच्या डोक्यात दोन तक्ते भांडू लागणार, हे वेगळं सांगायला नको. प्रत्येकाचं गणित आपापल्या जागी बरोबर होतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. सगळ्यांच्या गणिताला सामाईक एकक नव्हतं, दुखणं ते होतं.

१९५० मध्ये अमेरिकेतली मधुमेह संघटना, आहारतज्ज्ञांची संघटना आणि सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवा यांनी मिळून जो तोडगा काढला तो ‘एक्स्चेंज लिस्ट’ म्हणून आजही आपल्या आहारतज्ज्ञांच्या तोंडी आहे. त्याची आकडेमोड एलिझाबेथ कासो यांच्या लेखातून त्या वर्षी संघटनेच्या नियतकालिकात आली. सगळं अन्न सहा याद्यांत बसवलेलं: दूध, भाज्या, फळं, पाव, मांस, स्निग्ध पदार्थ. एका यादीतला प्रत्येक पदार्थ अशा मापात लिहिलेला की तो त्याच यादीतल्या दुसऱ्याच्या जागी घालता यावा. पावाच्या यादीत एक स्लाइस, अर्धा कप शिजवलेला भात आणि एक लहान बटाटा एका ओळीत बसले, कारण तिघांत साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं आणि २ ग्रॅम प्रथिनं. फळांच्या यादीत लहान सफरचंद, लहान संत्रं आणि अर्धं लहान केळं, प्रत्येकी १० ग्रॅम कर्बोदकं. हे आकडे मुद्दाम गोलाकार केलेले होते. दोन संत्री कधी सारखी नसतात हे ते करणाऱ्यांना ठाऊक होतं. अचूकतेतला थोडा भाग सोडून त्यांनी तराजूच्या जागी कप आणि चमचा आणला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे एक पाऊल मागे होतं आणि रोग्याच्या दृष्टीने दहा पावलं पुढे.

या याद्या लवकर पसरल्या त्यामागचं कारण साधं आहे. त्यांनी आहारतज्ज्ञाचं आजच्या आज काम हलकं केलं आणि रोग्याला आजच्या आज सूट दिली. डॉक्टरने कॅलरी सांगायच्या, आहारतज्ज्ञाने त्यांचे एक्स्चेंज पाडायचे, रोग्याने घरी जाऊन भात की बटाटा ते ठरवायचं. कुणाचा अधिकार कमी झाला नाही. आपल्याकडच्या याद्यांत पावाची जागा धान्याने घेतली: साधारण ३० ग्रॅम कच्चं धान्य, म्हणजे १०० कॅलरीच्या आसपास, मग ती पोळी असो, ज्वारीची भाकरी असो की तेवढ्याच तांदळाचा भात, आणि डाळींना स्वतंत्र यादी मिळाली, कारण मांसाच्या यादीवर इथलं अर्धं घर उपाशी राहिलं असतं. माप उसनं, ताट घरचं. परकी पद्धत रुजते ती अशी.

पण याच याद्यांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे, कारण माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात बळकट पुरावाही तिथेच सापडतो. इस्पितळांत डॉक्टर ‘१८०० कॅलरी एडीए डाएट’ असं एका ओळीत लिहू लागले. एडीए म्हणजे मधुमेह संघटना. तिच्या नावाचा असा एक ठरीव आहार जणू कपाटात तयार ठेवलेला आहे, आणि तो काढून दिला की झालं! अदलाबदलीसाठी केलेली यादी छापील जेवणपत्रक झाली; तिच्यातली सूट गेली आणि आकडा तेवढा उरला. याद्या स्वतः स्थिर राहिल्या नाहीत, हे खरं. १९७६ च्या आवृत्तीत स्निग्धांशाप्रमाणे मांसाचे भाग पाडले आणि सायीच्या दुधाऐवजी बिनसायीचं दूध मूळ धरलं. १९८६ आणि १९९५ मध्येही त्या पुन्हा लिहिल्या गेल्या. सवय मात्र हलेना. अखेर १९९० च्या दशकात मधुमेह संघटनेलाच सांगावं लागलं की एडीए डाएट नावाचा एकच एक आहार नाही, हे शब्द वापरणं थांबवा. टीकाकार इथे बोट ठेवून म्हणतील, बघा, प्रमाणीकरणाची परिणती हीच: कितीही मोकळं माप करा, व्यवस्था त्याचा साचा करतेच. धोका खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण साचा कशामुळे झाला? यादी होती, आणि रोग्याची हकीगत लिहिण्याची कोणतीही रीत नव्हती. ‘याला १८०० च का’ या प्रश्नाला केसपेपरवर जागाच नव्हती, म्हणून उत्तराचीही गरज पडली नाही.

ती रिकामी जागा किती मोठी होती हे १९७४ मध्ये चव्हाट्यावर आलं. अलाबामा विद्यापीठातले डॉक्टर चार्ल्स बटरवर्थ यांनी ‘न्यूट्रिशन टुडे’ या नियतकालिकात रुग्णालयाच्या कपाटातला सांगाडा अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. अमेरिकेतली अद्ययावत इस्पितळं आपल्याच रोग्यांना नकळत उपाशी ठेवतात, हा त्यांचा आरोप होता, आणि दोषांची जी यादी त्यांनी दिली ती आजही अंगावर येते: उंची-वजन न लिहिणं, तपासण्यांसाठी एकामागून एक जेवणं चुकवणं, सलाइनवर दिवसेंदिवस ठेवणं, रोग्याने किती खाल्लं याकडे कुणाचंच लक्ष नसणं, जबाबदारी इतक्या जणांत वाटलेली की ती कुणाचीच नाही. बॉस्टनमधल्या ब्रूस बिस्ट्रियन आणि सहकाऱ्यांच्या त्याच सुमाराच्या पाहण्यांत वॉर्डातल्या जवळपास निम्म्या रोग्यांत कुपोषणाच्या खुणा दिसल्या. वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, स्कॉटलंडच्या डंडी शहरातून मॅकव्हर्टर आणि पेनिंग्टन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आकडे दिले. दाखल होणाऱ्या ५०० रोग्यांपैकी २०० कुपोषित होते. या २०० पैकी फक्त ९६ जणांच्या कागदपत्रांत पोषणाविषयी काहीतरी लिहिलेलं सापडलं. बाहेर पडताना ज्या ११२ जणांचं पुन्हा मोजमाप झालं त्यांचं वजन सरासरी ५.४ टक्क्यांनी घटलेलं होतं. पोषणसाहाय्यासाठी पाठवलेले रोगी होते दहा, आणि त्या दहांचं वजन सरासरी ७.९ टक्क्यांनी वाढलेलं होतं.

या शेवटच्या दोन आकड्यांवर थोडं थांबलं पाहिजे. दहा जणांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण उपाय ठाऊक होता, तो करणारे लोक त्याच इमारतीत होते, आणि तरी दोनशेंतले दहाच त्यांच्यापर्यंत पोचले. आहारतज्ज्ञांचं ज्ञान कमी पडलं नव्हतं. त्यांना हाक मारण्याची रीत नव्हती, आणि मारली तर त्यांनी केलेलं काम इतरांना वाचता येईल असं लिहिण्याची भाषा नव्हती. डॉक्टरांच्या नोंदींची शिस्त लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये मांडली होती: रोग्याच्या समस्यांची यादी करा आणि प्रत्येक नोंद एखाद्या समस्येला जोडून लिहा. परिचारिकांनी १९७३ मध्ये सेंट लुईसला परिषद भरवून आपल्या निदानांची यादी करायला घेतली. आहारतज्ज्ञ मात्र ‘आहार समजावून सांगितला, रोग्याला समजला’ एवढ्यावर सही करत राहिले. समजावून काय सांगितलं, कशासाठी, आणि पुढच्या भेटीत काय तपासायचं, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात. ती रजेवर गेली की डोकंही रजेवर.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या संघटनेने स्वीकारलेली ‘न्यूट्रिशन केअर प्रोसेस’, म्हणजे पोषण-उपचाराची चार पायऱ्यांची पद्धत, या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. कॅरन लेसी आणि एलन प्रिचेट यांच्या लेखातून ती मांडली गेली. मूल्यमापन, निदान, उपाय, पाठपुरावा. यातल्या तीन पायऱ्या प्रत्येक अनुभवी आहारतज्ज्ञ आधीही चढत होतीच. नवी होती ती दुसरी, आणि वादही तिच्यावरूनच झाला, कारण ‘निदान’ हा शब्द डॉक्टरांच्या घरचा. इथे निदान म्हणजे रोगाचं नाव नव्हे. कर्करोग हे डॉक्टरचं निदान. त्या माणसाच्या पोटात पुरेसं अन्न का जात नाही, हे आहारतज्ज्ञाचं. त्यासाठी साठेक ठरीव संज्ञा केल्या गेल्या, तीन दालनांत: आहाराच्या, शारीरिक स्थितीच्या आणि वागणूक-परिसराच्या. आणि निदान लिहिण्याचं एक वाक्य ठरवलं गेलं, ज्यात समस्या, तिचं मूळ आणि तिचा पुरावा हे तीन भाग असायलाच हवेत. उदाहरणार्थ: ‘तोंडावाटे अपुरा आहार, कारण केमोथेरपीनंतरची मळमळ, पुरावा, तीन दिवसांच्या नोंदीत गरजेच्या निम्म्याहून कमी कॅलरी आणि महिन्यात वजन ५८ किलोवरून ५४.’ आता मधला तुकडा बदलून पाहा. मळमळीच्या जागी सैल झालेली कवळी घाला, किंवा घरी स्वयंपाकाला कुणी नसणं घाला. समस्या तीच, पुरावा तोच, पण उपाय पूर्ण निराळा: एकाला उलटीच्या औषधाची वेळ जेवणाशी जुळवून घ्यायची, दुसऱ्याला दंतवैद्याकडे धाडायचं, तिसऱ्यासाठी डबा शोधायचा. ‘उच्च प्रथिनयुक्त आहार द्यावा’ ही जुनी ओळ तिघांनाही सारखीच लागू होत होती आणि म्हणून तिघांच्याही उपयोगाची नव्हती. ठरीव वाक्यामुळे माणूस हरवतो, असं म्हणणाऱ्यांनी हा मधला तुकडा नीट पाहावा. एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळं करणारी गोष्ट तिथेच लिहावी लागते.

तरीही ही पद्धत एक्स्चेंज लिस्टसारखी झपाट्याने पसरली नाही. वर्षामागून वर्षं प्रशिक्षणं झाली, संज्ञांची जाडजूड पुस्तकं निघाली, २०१४ पासून ती इलेक्ट्रॉनिक झाली, आणि पुढे दहा देशांतल्या सहा हजारांवर आहारतज्ज्ञांची पाहणी झाली तेव्हा वापरात देशादेशांत मोठी तफावत दिसली. कारण उघड आहे. यादीने काम हलकं केलं होतं. हिने आज काम वाढवलं आणि फायदा उद्याच्या, तोही बहुधा दुसऱ्याच कुणाच्या, पदरात टाकला. शिवाय हिने काम उघडं पाडलं. डोक्यातला तर्क कागदावर आला की तो चुकीचाही ठरवता येतो. अनुभवी माणसाला नवशिक्याच्या रांगेत बसवणारी कोणतीही सुधारणा गोड लागत नाही, आणि त्यात अहंकाराइतकाच रास्त थकवाही असतो.

आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मला त्याहून वजनदार वाटतो. स्वीडनमधल्या आहारतज्ज्ञांशी बोलून केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची ओढाताण नोंदली आहे: एका बाजूला व्यवस्थेला हवी असलेली तर्कशुद्ध, संज्ञाबद्ध नोंद, आणि दुसऱ्या बाजूला समोर बसलेल्या माणसाचं जगणं, त्याच्या खाण्यातली लाज, आठवणी, रुसवे. साठ संज्ञांत रुसवा बसत नाही. हे कबूल करायला हवं, आणि हेही की या पद्धतीमुळे नोंदी सुधारल्याचे पुरावे जेवढे आहेत, तेवढे रोगी लवकर बरे झाल्याचे अजून नाहीत. पण नोंद हे सगळं संभाषण नव्हे. जुन्या ‘समजावून सांगितलं’ या ओळीतही रुसवा नव्हताच. तिथे तर काहीच नव्हतं. आणि परिणाम मोजायचे तर आधी सगळ्यांनी एकाच गोष्टीला एकच नाव द्यावं लागतं. डंडीतल्या १०४ कुपोषितांच्या कोऱ्या कागदांवरून कोणता परिणाम मोजणार?

प्रमाणित पद्धत चूकही प्रमाणित करते, असं म्हणणाऱ्यांजवळ नामी उदाहरण आहे: रक्तातलं अल्ब्युमिन. १९७० च्या दशकापासून ते कमी म्हणजे कुपोषण, हे समीकरण दोन-तीन पिढ्यांनी घोटलं. प्रत्यक्षात अल्ब्युमिन दाह आणि गंभीर आजारात घसरतं. धडधाकट पोसलेल्या माणसाचंही घसरतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या आणि शिरेवाटे-नळीवाटे पोषण देणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून कुपोषण ओळखण्याच्या सहा खुणा ठरवल्या, त्यांपैकी किमान दोन असल्या तर निदान: कमी खाणं, वजन घटणं, स्नायू झडणं, कातडीखालची चरबी जाणं, वजनातली घट लपवणारी सूज, आणि हाताच्या पकडीचा जोर कमी होणं. अल्ब्युमिन त्यात नाही. चाळीस वर्षं हा फार मोठा काळ आहे, यात शंका नाही. पण चूक सापडली ती सगळीकडे एकच आकडा लिहिला जात होता आणि तो ताडून पाहता येत होता म्हणून. जिथे प्रत्येकाची चूक स्वतंत्र असते तिथे ती अनुभव या नावाने निवृत्त होते.

राहिला आरोप, की ही पद्धत म्हणजे जगावर लादलेला अमेरिकी साचा आहे. डच लोकांनी अमेरिकी संज्ञा जशाच्या तशा न घेता जागतिक आरोग्य संघटनेच्या, माणसाच्या रोजच्या कार्यक्षमतेचं वर्गीकरण करणाऱ्या पद्धतीत आपली आहारभाषा बसवली. ब्रिटिश संघटनेने स्वतःचं प्रारूप केलं. क्रम तोच, शब्द आपले. भारतात २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने आहारतज्ज्ञांना पहिल्यांदा वैधानिक व्यवसायाच्या यादीत जागा दिली. कायद्याने पाटी मिळते. पाटीखाली काय लिहायचं ते अजून ठरायचं आहे.

माप आणि ताट यांतला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो मात्र एका वेगळ्याच, लहानशा क्षेत्रात: पक्षाघातानंतर, पार्किन्सनमध्ये किंवा म्हातारपणी ज्यांना गिळता येत नाही त्यांच्या अन्नात. अशा माणसाला पातळ पाणीही श्वासनलिकेत जाऊन मारू शकतं, म्हणून पेयं दाट करतात आणि जेवण मऊ. किती दाट? याचं उत्तर पूर्वी देशोदेशी निराळं होतं. अमेरिकेत २००२ पासून फळांच्या गराच्या रसाइतकं, मधाइतकं, चमच्यात उभं राहील इतकं. ब्रिटनमध्ये पहिला, दुसरा, तिसरा टप्पा. ऑस्ट्रेलियात १५०, ४००, ९०० अशा पातळ्या. आणि सगळीकडे, आपल्याकडेही, केसपेपरवरचे ते दोन निरुपद्रवी शब्द: ‘सॉफ्ट डाएट’. जून २०१८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेने या शब्दांविरुद्ध सुरक्षेचा इशारा काढला. त्यात दिलेल्या एका प्रसंगात गिळण्याचा त्रास असल्याची नोंद असलेल्या रोग्याला ‘सॉफ्ट’ म्हणून खिमा आणि मटार दिले गेले, आणि नंतर श्वासनलिकेतल्या नळीतून मटार ओढून काढावे लागले. मटार मऊच होते. शब्दाप्रमाणे सगळं बरोबर होतं, स्कुटारीच्या वजनासारखं.

त्याआधी २०१२ मध्येच कॅनडातले आहारतज्ज्ञ पीटर लॅम आणि ऑस्ट्रेलियातल्या वाचा-उपचारतज्ज्ञ ज्युली चिकेरो यांच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय गट सगळीकडे चालेल असं एकच माप ठरवायच्या कामाला लागला होता. त्यांची शून्य ते सात अशी आठ पायऱ्यांची चौकट २०१५ मध्ये जाहीर झाली. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने ती २०१९ मध्ये अमलात आणली. तिच्यात एकाही पदार्थाची सक्ती नाही. पेयासाठी दहा मिलीलिटरची साधी सिरिंज घ्यायची, टोक बोटाने बंद करून भरायची, बोट काढून दहा सेकंद मोजायचे. आत एक ते चार मिलीलिटर उरलं तर पहिली पायरी, चार ते आठ उरलं तर दुसरी, आठाच्या वर तर तिसरी. पेज असो, ताक असो की सूप, सिरिंजला नावाशी देणंघेणं नाही. चावण्याच्या अन्नासाठी मोठ्या माणसाला पाचव्या पायरीवर चार मिलीमीटरपेक्षा मोठा कण नको, सहाव्यावर दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा तुकडा नको. चार मिलीमीटर म्हणजे नेहमीच्या काट्याच्या दोन दातांमधली फट. भाताबद्दल ही चौकट सांगते की तो चिकटही नको आणि शीत शीत सुटा तर नकोच. म्हणजे ज्या मोकळ्या भाताचा आपल्याकडे अभिमान धरतात तो बाद, आणि गुरगुट्या भात, चिकट न होऊ देता कालवलेला, चालेल की नाही ते काटा ठरवील. ज्यांच्या घरात काटा नाही त्यांच्यासाठी बोटांची चाचणीही दिली आहे. शिजलेला घास अंगठा आणि तर्जनीत धरायचा, नखाचा लाल भाग पांढरा पडेपर्यंत दाबायचा. गिळताना जीभ साधारण तेवढाच दाब देते. मग बोटं सोडायची आणि पाहायचं. घास चेपलेला राहिला तर ठीक. परत फुगून मूळ आकाराला आला तर तो त्या माणसाच्या ताटात जाणार नाही.